उकळलेले दूध आणि नोंदीबाहेरचा क्षय : मानव-पशू क्षयसंक्रमणाचा इतिहास (विशेष संदर्भ – बुलढाणा जिल्हा)

सारांश :
क्षय हा केवळ माणसाचा रोग नाही. गाय, म्हैस, शेळी व अनेक वन्य प्राणी यांनाही तो होतो आणि जनावराकडून माणसाकडे तसेच माणसाकडून जनावराकडे त्याचे संक्रमण होऊ शकते. हे ज्ञान विसाव्या शतकाच्या आरंभीच सिद्ध झाले होते. तरीही भारताच्या ग्रामीण भागात या संक्रमणाची स्वतंत्र दखल घेतली गेली नाही. दूध उकळण्याची घरगुती सवय, थुंकी तपासणीवर आधारलेली निदानपद्धती आणि मानवी आरोग्य व पशुसंवर्धन यांची प्रशासकीय फारकत या तीन कारणांनी हा रोग नोंदीबाहेर राहिला, असे प्रस्तुत शोधनिबंधाचे प्रतिपादन आहे. पशुपालनावर अवलंबून असलेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात या प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा येथे घेतला आहे.

बीजशब्द : क्षयरोग, पशुपालन, वऱ्हाड, बुलढाणा जिल्हा, दूध, सार्वजनिक आरोग्य.

प्रस्तावना :
भारतीय परंपरेला क्षयाची ओळख फार प्राचीन काळापासून आहे. 'राजयक्ष्मा' या नावाने चरकसंहितेत त्याचे विवेचन येते आणि दक्ष प्रजापतीच्या शापाने चंद्र क्षीण झाल्याची कथाही त्यासोबत येते. या परंपरेत पशूकडे रोगाचा स्रोत म्हणून पाहिले गेलेले दिसत नाही. उलट क्षयरोग्याने शेळीचे दूध घ्यावे, शेळ्यांच्या सहवासात राहावे असा उपचार आयुर्वेदात सांगितला आहे. पशू हा येथे उपचाराचा भाग आहे. आधुनिक जंतुशास्त्राने याच सहवासाकडे संशयाने पाहावयास शिकविले. या दोन दृष्टींच्या मधोमध ग्रामीण पशुपालक उभा आहे. त्याचे जनावर हे त्याचे धन, त्याचे श्रमसाथी आणि त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. तेच जनावर त्याच्या आजाराचे कारण ठरू शकते काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ वैद्यकीय उरत नाही. तो सामाजिक इतिहासाचाही प्रश्न ठरतो.

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ इतकी होती व त्यापैकी सुमारे ७९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. उत्तरेस सातपुड्याची रांग, मध्यभागी पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांवरील पठार अशी या जिल्ह्याची रचना आहे. शेती व पशुपालन यांची येथील सांगड जुनी असून माणूस आणि जनावर यांचे एका छपराखालील सहजीवन हे येथील ग्रामजीवनाचे वैशिष्ट्य राहिले आहे. म्हणून प्रस्तुत विषयाच्या अभ्यासासाठी हा जिल्हा महत्त्वाचा ठरतो.

उद्दिष्टे :
१) मानव-पशू क्षयसंक्रमणाविषयीच्या शास्त्रीय ज्ञानाचा ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२) मुंबई इलाख्यातील संशोधन व वऱ्हाडातील पशुपालन यांचा परस्परसंदर्भ तपासणे.
३) हा रोग सार्वजनिक आरोग्याच्या नोंदीत का आला नाही, याची कारणमीमांसा करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे. देशपातळीवरील आकडेवारी जिल्ह्याला जशीच्या तशी लावणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नसल्याने ती केवळ प्रश्नाची व्याप्ती दर्शविण्यासाठी वापरली आहे.

शास्त्रीय ज्ञानाचा विकास :
क्षय हा संसर्गजन्य आहे, हे फ्रेंच लष्करी वैद्य झाँ-आंत्वान व्हिलमँ यांनी १८६५ मध्ये सशांवरील प्रयोगांद्वारे दाखविले. माणसाच्या व गाईच्या क्षयग्रस्त ऊतींतील द्रव्य सशाला टोचले असता दोन्ही प्रकारे सशाला क्षय होतो, हे त्यांचे निरीक्षण होते. मानवी व पशुक्षय यांचा संबंध प्रयोगाने जोडण्याचा हा महत्त्वाचा प्रारंभ मानावा लागेल. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयजंतूच्या शोधाची घोषणा केली. प्रारंभी मानवी व पशू क्षयजंतू एकच मानले गेले. १८९८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी त्यांतील भेद स्पष्ट केला. पशुक्षयाचा हा जंतू पुढे 'मायकोबॅक्टेरियम बोविस' या नावाने ओळखला जाऊ लागला.

या भेदाचा कॉख यांनी काढलेला अर्थ मात्र वादग्रस्त ठरला. १९०१ मध्ये लंडन येथील क्षयरोग परिषदेत त्यांनी असे मत मांडले की, गाईच्या क्षयाचा माणसाला असलेला धोका नगण्य आहे व त्यासाठी विशेष उपाययोजनेची गरज नाही. कॉख यांच्या अधिकारवाणीमुळे या मताला मोठे वजन होते. तथापि ब्रिटिश शासनाने त्याच वर्षी शाही आयोग नेमून या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास करविला. १९११ च्या अंतिम अहवालात आयोगाने कॉख यांच्या मताविरुद्ध निर्वाळा दिला. पशुक्षयाचा जंतू माणसाला बाधतो, विशेषतः लहान मुलांना दुधावाटे बाधतो, हे त्यातून सिद्ध झाले. अशा बाधेत फुप्फुसांपेक्षा मानेच्या गाठी, आतडे व हाडे यांचा क्षय अधिक दिसतो. आपल्याकडे ज्याला 'गंडमाळ' म्हणतात, त्या विकाराशी युरोपातील कच्च्या दुधाचा निकटचा संबंध होता.

पशुक्षयाच्या जंतूची दुसरीही एक बाजू येथे नमूद करणे आवश्यक आहे. फ्रेंच पशुवैद्य एदमाँ नोकार यांनी गाईच्या दुधातून वेगळा केलेला हा जंतू आल्बेर काल्मेत व कामीय गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे प्रयोगशाळेत वाढवून सौम्य केला. त्यातून बीसीजी लस निर्माण झाली व १९२१ मध्ये ती प्रथम एका बालकास देण्यात आली. भारतात बीसीजीची मोहीम १९४८ पासून सुरू झाली. आज बुलढाण्यातील कोणत्याही खेड्यातील बालकाच्या डाव्या दंडावर जो लसीचा व्रण दिसतो, त्याचे मूळ गाईच्या जंतूत आहे. माणूस व गाय यांच्या रोगेतिहासाची गुंफण किती घट्ट आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

मुंबई इलाख्यातील संशोधन :
भारतात पशुरोग संशोधनाचा आरंभ महाराष्ट्राच्या भूमीत झाला, ही बाब उल्लेखनीय आहे. १८८६ मध्ये मुंबईतील परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुणे येथे शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बुळकांडीविषयक काम आटोपून स्वतः कॉख प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईस आले होते. त्याच वर्षी त्यांनी मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेसही भेट दिली.

परळ येथील जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा, म्हणजे १९२५ नंतरची हाफकिन संस्था, हे या संदर्भात अधिक महत्त्वाचे केंद्र ठरले. तेथील डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी मुंबईच्या प्लेगमध्ये उंदीर व पिसू यांच्या भूमिकेवर मूलगामी काम केले होते. प्राण्याकडून माणसाकडे रोग कसा येतो, हा प्रश्न त्यांच्या परिचयाचा होता. लिस्टन व एम. बी. सोपारकर यांनी १९१७ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात भारतीय दुभत्या जनावरांच्या क्षयग्रहणक्षमतेवरील संशोधन प्रसिद्ध केले. क्षयजंतू शरीराबाहेर किती काळ तग धरतो, याविषयीचा सोपारकर यांचा स्वतंत्र अभ्यासही त्याच वर्षीचा आहे. म्हणजेच हा प्रश्न भारतात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, आणि तोही महाराष्ट्रातील प्रयोगशाळेत, रीतसर विचारला गेला होता.

असे असूनही पुढे या दिशेने व्यापक कार्यक्रम उभा राहिला नाही. भारतीय जनावरे युरोपीय जनावरांपेक्षा या रोगाला सहसा बळी पडत नाहीत आणि भारतीय लोक दूध उकळून पितात, अशी दोन विधाने रूढ झाली. आर्थर लँकेस्टर यांच्या १९२० च्या भारतातील क्षयविषयक ग्रंथाचा भर दाट वस्ती, कोंदट घरे, शहरीकरण व पडदापद्धती यांवर होता. मानवी क्षयाचा मुख्य प्रसार माणसाकडून माणसाकडे होतो, हे मत योग्यच होते व आजही योग्य आहे. मात्र मुख्य कारणाच्या प्रकाशात दुय्यम कारण दिसेनासे झाले. शिवाय बुलढाणा जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ च्या करारान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. परळचे संशोधन व वऱ्हाडचे पशुवैद्यकीय प्रशासन यांच्यामध्ये ही प्रांतिक सीमाही होती.

वऱ्हाडातील पशुपालनाचे स्वरूप :
वऱ्हाडातील जनावर प्रामुख्याने शेतीच्या कामाचे होते. जुन्या गॅझेटिअरमध्ये वऱ्हाडी गावरान जनावरांचे 'उमरडा' व 'खामगाव' असे दोन प्रकार नोंदविले असून त्यांपैकी खामगाव हा प्रकार अधिक थोराड मानला जाई. काळ्या मातीच्या नांगरटीसाठी व कापसाच्या वाहतुकीसाठी बैल हवा आणि बैलासाठी गाय हवी, असे येथील अर्थशास्त्र होते. दुधासाठी म्हशीला प्राधान्य होते. पूर्णेच्या खोऱ्यातील फिकट रंगाची 'पूर्णाथडी' म्हैस अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेत मोठे बदल झाले. १८७० मध्ये खामगाव रेल्वेच्या फाट्याने जोडले गेले व कापसाचा व्यापार वाढला. कापसाखालील क्षेत्राच्या विस्ताराने चराऊ जमिनी आकसल्या, तर राखीव जंगलांमुळे चराईवर निर्बंध आले. मध्य भारतातील गुरांच्या इतिहासावरील आपल्या २००४ च्या ग्रंथात लक्ष्मण सत्या यांनी या प्रक्रियेची सविस्तर मांडणी केली आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी पशुधनाची मोठी हानी केली. क्षयाच्या दृष्टीने चराईच्या या संकोचाला अर्थ आहे. पशुक्षय प्रामुख्याने श्वासावाटे पसरतो. उघड्या रानात चरणाऱ्या कळपापेक्षा कोंदट कोठ्यात दाटीने बांधलेल्या जनावरांत तो सहज फैलावतो, आणि कुपोषणाने जनावराची प्रतिकारशक्ती घटते.

पशुपालकाच्या दृष्टीने मात्र क्षय हा दखल घेण्याजोगा रोग नव्हता. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, फाशी व लाळ-खुरकूत हे रोग झपाट्याने येत व कळपच्या कळप नेत. बुळकांडीच्या भयानेच १८७१ मध्ये गुरांच्या साथरोगावरील आयोगाचा अहवाल तयार झाला होता. क्षय मात्र मंदगती आहे. त्यात जनावर एकाएकी मरत नाही. ते खंगते, दूध आटते, अधूनमधून ठसकते आणि गाभ धरत नाही. अशा जनावराला 'भाकड' ठरवून आठवडी बाजारात विकणे हा शेतकऱ्याचा स्वाभाविक व्यवहार होता. खामगावसारख्या मोठ्या बाजारांतून ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या कोठ्यात जाई. रोगाचा प्रवास अशा रीतीने व्यापाराच्या वाटेने होत राहिला.

जनावराच्या शरीरातील क्षयाच्या गाठी मेल्यानंतरच दिसतात. जुन्या ग्रामव्यवस्थेत मृत जनावर ओढणे, फाडणे व कातडी काढणे ही कामे महार, चांभार, ढोर आदी जातींवर लादलेली होती. मृत जनावराचे मांस हा त्यांच्या दारिद्र्यातील आहाराचा भाग होता. म्हणजेच रोगाचा सर्वांत निकटचा स्पर्श ज्यांना घडत होता, ते समाजाच्या नोंदीत सर्वांत शेवटी होते. मार्च १९२७ मधील महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मृतमांस त्यागाचा आग्रह धरला गेला आणि ही चळवळ वऱ्हाडातही पसरली. तिची प्रेरणा आत्मसन्मानाची होती. तरीही आरोग्याच्या दृष्टीने पाहता या त्यागाने एका मोठ्या समूहाला अनेक पशुजन्य रोगांच्या थेट संपर्कातून दूर नेले, असे म्हणता येईल.

उकळलेले दूध : संरक्षण व मर्यादा
भारतात मानवी शरीरातील पशुक्षयाचे प्रमाण युरोपाइतके वाढले नाही, याचे मोठे श्रेय दूध उकळण्याच्या सवयीला द्यावे लागते. ६३ अंश सेल्सिअस तापमानात अर्धा तास किंवा ७२ अंशांत पंधरा सेकंद दूध तापविले असता क्षयजंतू नष्ट होतो. चुलीवर उतू जाईपर्यंत तापविलेल्या दुधात तो टिकत नाही. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात दुभत्या गाईंपैकी सुमारे ४० टक्के गाई बाधित असल्याचा अंदाज होता व तेथे कच्चे दूध पिण्याची प्रथा होती. भारतीय स्वयंपाकघरात हा धोका चुलीवरच संपत होता.

परंतु या संरक्षणाच्या तीन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा अशी की, कच्चे दूध पिण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. 'धारोष्ण' दूध पौष्टिक मानले जाते. तालमीतील मल्लांना व अशक्त मुलांना ते आवर्जून दिले जाते, म्हणजे जिथे प्रतिकारशक्ती कमी आहे तिथेच कच्चे दूध पोहोचते. दुसरी मर्यादा श्वसनमार्गाची आहे. दूध उकळल्याने कोठ्यातील हवा शुद्ध होत नाही. शेण काढणे, झाडलोट, चारा-पाणी व पुष्कळदा धार काढणे ही कामे बव्हंशी घरातील स्त्रियाच करतात. गावाची गुरे राखणारा ढोरकी दिवसभर कळपासोबत असतो. राखणीसाठी कोठ्यातच झोपण्याची पद्धतही अपरिचित नाही. या व्यक्तींना उकळलेल्या दुधाचे संरक्षण अपुरे पडते. तिसरी मर्यादा उलट्या संक्रमणाची आहे. खोकणारा क्षयरोगी घरातील कोंदट हवेपासून दूर राहावा म्हणून त्याची खाट कोठ्याशेजारी टाकली गेली, तर मानवी क्षयजंतू जनावरापर्यंत पोहोचू शकतो. भारतातील गाई-गुरांत व पाळीव हत्तींत मानवी क्षयजंतू आढळल्याचे अनेक संशोधनांत नमूद आहे.

दूध उकळण्याच्या सवयीने अशा प्रकारे ग्राहकाचे रक्षण केले, परंतु पशुपालकाचा प्रश्न सुटला नाही. शहरात दूध पिणारा सुरक्षित झाला आणि तेच दूध काढणारी व्यक्ती विचाराबाहेर राहिली.

नियंत्रणाचे पाश्चात्त्य प्रतिमान व भारतीय वास्तव :
पाश्चात्त्य देशांनी पशुक्षयावर मिळविलेले नियंत्रण 'तपासा व मारा' या धोरणावर आधारलेले होते. जनावराच्या मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचून ७२ तासांनी येणारी सूज मोजावयाची व बाधित जनावर नष्ट करून मालकास भरपाई द्यावयाची, अशी ही पद्धत होती. अमेरिकेने हा कार्यक्रम १९१७ मध्ये सुरू केला. ब्रिटनमध्ये १९५० ते १९६० या दशकात तो देशभर राबविला गेला.

भारतात हे प्रतिमान जसेच्या तसे लागू होणे शक्य नव्हते. लहान शेतकऱ्याकडे एक-दोनच जनावरे असतात. त्यांतील एक नष्ट होणे म्हणजे त्याच्या संसाराचा आधार जाणे होय. गोवंशाविषयीची लोकभावना प्रबळ आहे व तिला राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदाची जोड आहे. बुलढाणा ज्या प्रांताचा भाग होता, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडाचा पशुरक्षण कायदा १९४९ चा आहे. १९५८ च्या मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बिहार व उत्तर प्रदेशातील कायद्यांसोबत याही कायद्याची घटनात्मकता तपासली होती. पुढे १९७६ चा महाराष्ट्र पशुरक्षण कायदा आला व २०१५ मध्ये त्यातील दुरुस्ती अमलात येऊन बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. या पार्श्वभूमीवर सरसकट कत्तलीवर आधारलेले धोरण येथे अव्यवहार्य ठरते. परंतु पर्यायी धोरण, म्हणजे नियमित तपासणी, बाधित जनावराचे विलगीकरण, विमा व भरपाई, हेही व्यापक प्रमाणावर उभे राहिले नाही. भाकड व वृद्ध जनावरे जिथे दीर्घकाळ एकत्र राहतात, त्या गोशाळा व पांजरपोळांच्या बाबतीत अशा तपासणीची निकड अधिकच आहे.

१९६२ : दोन खाती, दोन नोंदवह्या
१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे व गावपातळीवरील पशुवैद्यकीय दवाखाने पुढील काळात एकाच जिल्हा परिषदेच्या छत्राखाली चालू लागले. योगायोगाने १९६२ हेच राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचे आरंभवर्ष होय. १९४६ च्या भोर समितीने देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण व दरवर्षी सुमारे पाच लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज वर्तविला होता. त्या भीषण पार्श्वभूमीवर हा कार्यक्रम आखला गेला.

कार्यक्रमाचा पाया थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी हा होता. अल्प खर्चात, खेड्यापर्यंत नेता येणारी ही पद्धत निःसंशय उपयुक्त ठरली. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली मानवी व पशू क्षयजंतू सारखेच दिसतात. शिवाय दुधावाटे होणारा पशुक्षय पुष्कळदा गाठींत व आतड्यांत असतो, थुंकीत नसतो. अलीकडील जलद जनुकीय चाचणीही क्षयजंतूंचा समूह ओळखते, त्यातील प्रजाती सांगत नाही. म्हणजे रुग्णाची नोंद 'क्षय' अशी होते, त्याचा स्रोत मात्र नोंदला जात नाही. या अज्ञानाची किंमत उपचारातही मोजावी लागू शकते. प्रथम श्रेणीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड या औषधास मायकोबॅक्टेरियम बोविस निसर्गतःच दाद देत नाही.

दुसरीकडे पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावराची नोंद होते, मालकाच्या खोकल्याची होत नाही. एकच कुटुंब दोन दवाखान्यांच्या दोन वह्यांत विभागले जाते. २००९ च्या पशूंमधील सांसर्गिक रोगप्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत पशुक्षयाचा समावेश आहे व अनुसूचित रोगाची माहिती देण्याचे कर्तव्य मालकावर टाकलेले आहे. मानवी क्षयरुग्णाची शासनास सूचना देणे २०१२ पासून बंधनकारक झाले. दोन्ही सूचनांची तरतूद झाली, परंतु त्या एकमेकींना भेटण्याची व्यवस्था घडविणे शिल्लक राहिले.

२००६ नंतरचा बदल :
शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम व वर्धा यांच्यासोबत बुलढाणा जिल्ह्याचा त्यात समावेश होता. शेतीला जोडधंदा म्हणून अनुदानावर दुभती जनावरे देणे हा त्या योजनेचा एक भाग होता. पुढे विदर्भ-मराठवाड्यासाठी दुग्धविकासाचे प्रकल्पही आले. कापसाच्या प्रदेशात जनावराची भूमिका श्रमाकडून दुधाकडे वळविण्याचा हा प्रयत्न होता.

या स्थित्यंतराचा क्षयाच्या दृष्टीने विचार होणे अगत्याचे आहे. अधिक दूध देणाऱ्या संकरित गाईंत देशी गाईंपेक्षा क्षयाचे प्रमाण अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष आहेत. अशी जनावरे चरावयास न सोडता बांधून पोसली जातात. दूरच्या बाजारांतून ती आणली जातात. 'देशी जनावर बळी पडत नाही' हे जुने गृहीतक ज्या परिस्थितीवर उभे होते, ती परिस्थितीच बदलत आहे. कर्ज काढून घेतलेली गाय खंगली, तर शेतकऱ्याचे नुकसान दुहेरी होते. एकीकडे हप्ता थकतो व दुसरीकडे घरात आजार येण्याची शक्यता निर्माण होते. संकटनिवारणाचे साधन नव्या संकटाचे कारण होऊ नये, यासाठी खरेदीपूर्व ट्युबरक्युलिन तपासणी हा साधा उपाय ठरतो.

नवे ज्ञान व व्याप्ती :
२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात भारतातील गाई-म्हशींमध्ये पशुक्षयाचे प्रमाण सरासरी ७.३ टक्के असल्याचा व बाधित जनावरांची संख्या सुमारे २ कोटी १८ लाख असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात पशुजन्य क्षयाचे सुमारे १,४०,००० नवे रुग्ण होते व ११,४०० मृत्यू झाले. २०१७ मध्ये मानवी व पशुआरोग्य क्षेत्रांतील आंतरराष्ट्रीय संघटनांनी या रोगासाठी संयुक्त आराखडा जाहीर केला.

जनुकशास्त्राने दोन जुन्या समजुतींना धक्का दिला आहे. गाय माणसाळविल्यानंतर गाईकडून माणसाला क्षय मिळाला, असे दीर्घकाळ मानले जाई. २००२ मधील संशोधनाने ही वंशावळ नाकारली. मानवी क्षयजंतू हा बोविसपासून उत्पन्न झालेला नाही, असे त्यातून दिसून आले. दुसरी समजूत पशुजन्य क्षय म्हणजे केवळ बोविस ही होय. वेल्लोर येथील सुमारे ९४० नमुन्यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसीचा प्रकार वगळता बोविस आढळला नाही, परंतु 'मायकोबॅक्टेरियम ओरिजिस' हा दुसरा जंतू सात नमुन्यांत आढळला. ओरिक्स या हरणाच्या नावावरून ओळखला जाणारा हा जंतू दक्षिण आशियातील गुरांत व वन्य प्राण्यांतही सापडतो. याचा अर्थ असा की, भारतात ज्या जंतूचा शोध घेतला जात होता, त्याच्या शेजारी दुसराच जंतू वावरत होता. ज्ञानगंगा व अंबाबरवा या अभयारण्यांच्या कडेला जिथे गावची गुरे व वन्य प्राणी एकाच रानात व पाणवठ्यावर येतात, तिथे या माहितीला विशेष महत्त्व आहे.

निष्कर्ष :
१) मानव-पशू क्षयसंक्रमणाचे ज्ञान भारताला उशिरा मिळाले असे नाही. १९१७ मध्ये परळ येथे त्यावर संशोधन झाले होते. ज्ञान व प्रशासन यांच्यातील दुवा मात्र निर्माण झाला नाही.
२) दूध उकळण्याच्या सवयीने समाजाचे मोठे रक्षण केले. परंतु तिच्यावरील विसंबण्यामुळे जनावरांच्या सान्निध्यात राबणारी स्त्री, ढोरकी, गवळी व मृत जनावरे हाताळणारा श्रमिक यांचा धोका विचारात घेतला गेला नाही.
३) थुंकी तपासणीची पद्धती व खात्यांची विभागणी यांमुळे हा रोग नोंदीबाहेर राहिला. नोंद नसणे हाच पुढे रोग नसल्याचा पुरावा मानला गेला.
४) सरसकट कत्तलीचे पाश्चात्त्य धोरण येथे लागू होऊ शकत नाही. खरेदीपूर्व तपासणी, विलगीकरण, विमा व हवेशीर कोठे यांवर आधारलेले स्थानिक धोरण आवश्यक आहे.
५) क्षयरुग्णाच्या घरी जनावरे आहेत काय व तो कच्चे दूध घेतो काय, हे दोन प्रश्न आरोग्य सेवकाने विचारावेत. बाधित जनावराच्या घरी कोणाला दीर्घकाळ खोकला अथवा मानेला गाठ आहे काय, हे पशुवैद्यकाने विचारावे. जिल्हा परिषदेच्या विद्यमान यंत्रणेतच हे शक्य असून त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही.

पोळ्याच्या दिवशी बैलाला ओवाळणाऱ्या समाजाला जनावराच्या आरोग्याचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही. माणूस व जनावर एकाच कोठ्याची हवा घेतात, ही वस्तुस्थिती शासनाच्या दोन्ही नोंदवह्यांत एकत्र उतरली पाहिजे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात क्षयमुक्तीचे कोणतेही उद्दिष्ट त्याशिवाय पूर्णत्वास जाणार नाही.